आता सपाट आहे

पौषातल्या एका रविवारची दुपार होती. पंगत घरचीच, चार माणसांची. पानात डावीकडे गाजराची कोशिंबीर, तिच्यावर हिंग-मोहरीची फोडणी आणि दाण्याचे कूट. माझ्या सहा वर्षांच्या नातीने ती कोशिंबीर बोटाने हळूहळू ताटाच्या कडेपर्यंत सारली आणि मग माझ्याकडे पाहिले. मुलांनी एखादा पदार्थ खावा म्हणून मोठी माणसे ज्या गोष्टी सांगतात, त्यांतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट मी तिला सांगितली. फार वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये एक वैमानिक होता, त्याला काळ्याकुट्ट रात्रीही शत्रूचे विमान दिसायचे, लोक त्याला मांजराच्या डोळ्यांचा म्हणायचे, आणि तो म्हणे भरपूर गाजरे खायचा. नातीने एक घास घेतला. समोर भिंतीला टेकून बसलेली माझी आई, जिला हल्ली दोन वाक्यांच्या वर बोलायला धाप लागते, भात कालवता कालवता थांबली आणि म्हणाली, "मग यांना का नाही गं दिसली कधी पायरी? अकरा वर्षं रोज वाटीभर किसून देत होते मी." एवढे बोलून ती पुन्हा भात कालवू लागली.

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच ते वाक्य मला जास्त लागले.

खरे तर ती गोष्ट खरी नाही, हे मला ठाऊक होते. मी आयुष्यभर महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले आहे, आणि रडार हा विषय शिकवताना याच वैमानिकाचे उदाहरण मी वर्षानुवर्षे दिले आहे. जॉन कनिंगहॅम हे त्याचे नाव. वर्गात मी त्याची खरी हकीकत सांगत असे आणि घरी नातीला मात्र गाजराची. लहान मुलाला सोपी गोष्ट सांगावी, यात काही वावगे नाही असे मी समजत होते. पण आईच्या त्या वाक्याने मला जाणवले, की ती सोपी गोष्ट सांगताना मी एका माणसाला दर वेळी गोष्टीबाहेर ठेवत आले होते. आणि नुसते त्याच गोष्टीत नाही, आमच्या घरच्या गोष्टीतही मी नेमके तेच केले होते.

१९४० सालच्या त्या शरदातल्या इंग्लंडची कल्पना करायची तर आधी अंधाराची करावी लागते. शहरांत दिवे नाहीत, खिडक्यांना काळे पडदे, मोटारींच्या दिव्यांना झाकणे. ७ सप्टेंबरपासून लंडनवर सलग ५७ रात्री बॉम्ब पडले. दिवसा जी विमाने शत्रूला परतवून लावत होती, ती रात्री जवळजवळ आंधळी होती. वैमानिक वर जात, तासन्‌तास घिरट्या घालत, खाली शहर जळताना पाहत आणि एकही शत्रू न दिसता परत उतरत. १४ नोव्हेंबरच्या रात्री कॉव्हेंट्रीवर चारशेहून अधिक जर्मन विमाने आली, चांदणे स्वच्छ होते, आणि तरीही रात्री उडणाऱ्या लढाऊ विमानांना त्यांतले एकही पाडता आले नाही. त्या रात्री वर असलेल्या वैमानिकांना काय वाटले असेल, याचा विचार मी अनेकदा करते. हाताशी विमान आहे, तोफा आहेत, धैर्यही आहे. फक्त पुढचे दिसत नाही.

कनिंगहॅम तेव्हा तेवीस वर्षांचा होता. विमाने बनवणाऱ्या डी हॅविलंड कंपनीच्या शाळेत तो शिकला होता, तिथेच नवी विमाने चाचणीसाठी उडवत होता, आणि सुटीच्या दिवसांत ६०४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये उडायला जात असे. ही स्क्वाड्रन हौशी मंडळींची, आठवडाभर आपापली नोकरी करून शनिवार-रविवारी हवाई दलाचा गणवेश चढवणाऱ्यांची होती. तिथेच त्याच्या विमानात मागे बसणारा तोफची होता जिमी रॉन्स्ली. अंगाने लहानखुरा, वयाने कनिंगहॅमपेक्षा बराच मोठा, पेशाने विजेच्या कामातला. युद्ध सुरू झाले तेव्हा त्याचे काम होते मागच्या बंदुकीपाशी बसून शेपटीकडचे आकाश राखणे. मग बोफायटर हे नवे विमान आले. त्याच्या नाकाखाली २० मिलिमीटरच्या चार तोफा होत्या, त्या वैमानिकच झाडणार होता. मागे बंदुकीची जागाच नव्हती. रॉन्स्लीचे काम एका दिवसात संपले. वयाची तिशी ओलांडलेल्या त्या माणसाने हातातले कसब बाजूला ठेवले आणि विमानाच्या पोटात, पारदर्शक घुमटाखाली, रडारच्या दोन लहान काचांसमोर बसून नवीन अक्षर-ओळख करून घेतली. या पुन्हा शिकण्याबद्दल फार थोडे लिहिले जाते. मला ते कोणत्याही पदकाइतकेच मोठे वाटते.

त्या दोन काचा मला परक्या नाहीत. आमच्या प्रयोगशाळेत कॅथोड-रे ऑसिलोस्कोप होता, म्हणजे विजेच्या लहरी काचेच्या नळीच्या पडद्यावर रेघेने दाखवणारे यंत्र. दुपारी जाड पडदे ओढून, दिवे मालवून मी मुलांना त्याच्यावरची हिरवी रेघ दाखवत असे. सुरुवातीला मुलांना ती रेघ म्हणजे नुसती रेघ दिसते. मग डोळा सरावतो आणि तिच्या कडेची थरथर, मधूनच उमटणारा काटा, तो काटा खरा की नुसता गोंगाट, हे कळू लागते. रॉन्स्लीच्या समोर अशा दोन नळ्या होत्या. विमानाच्या नाकावरचा बाणासारखा आकाशक, म्हणजे अँटेना, सुमारे दीड मीटर लांबीच्या लहरी पुढे फेकायचा, पुढच्या विमानावर आपटून परत आलेली लहर पंखांवरचे आकाशक टिपायचे, आणि नळीवरच्या रेघेवर एक ठसा उमटायचा. एका नळीवरून शत्रू डावीकडे की उजवीकडे हे समजायचे, दुसरीवरून वर की खाली, आणि रेघेवरच्या जागेवरून अंतर. पण जमिनीवर आपटून येणारा प्रतिध्वनीही त्याच नळ्यांवर उमटत असे आणि तो इतका मोठा असे, की विमान जितके उंच, तितकेच अंतर पुढचे दिसायचे. पंधरा हजार फुटांवर उडत असाल तर पंधरा हजार फुटांपलीकडचे सारे त्या उजेडाच्या ढिगाऱ्यात बुडून जायचे. म्हणजे साडेचार किलोमीटर. ताशी तीनशे-चारशे किलोमीटरच्या वेगात हे अंतर किती अपुरे आहे, ते वेगळे सांगायला नको.

एवढ्या टप्प्यात शत्रू यायचा तर आधी कुणीतरी तुम्हाला त्याच्या मागे नेऊन सोडायला हवे. १९४१ च्या आरंभापासून ते काम जमिनीवरची केंद्रे करू लागली. कनिंगहॅमची स्क्वाड्रन हॅम्पशायरमधल्या मिडल वॉलप या तळावर होती आणि तिला वाट दाखवणारे केंद्र जवळच सोपली इथे होते. गोल पडद्यावर फिरणारी उजेडाची काठी, तिच्यावर उमटणारे ठिपके, आणि ते पाहून आकाशातल्या माणसाशी शांतपणे बोलणारा नियंत्रक. ७ मे १९४१ च्या रात्री राजे सहावे जॉर्ज सोपलीच्या त्या खोलीत आले होते, आणि त्यांच्यासमोरच कनिंगहॅम-रॉन्स्लीच्या विमानाला हाइन्केल जातीच्या एका जर्मन बॉम्बरच्या मागे नेण्यात आले; ते हाइन्केल पडले. राजाने त्या रात्री पाहिले ते ठिपके आणि ऐकले ते आवाज. मला त्या प्रसंगात राजापेक्षा त्या आवाजांचे कुतूहल वाटते. नियंत्रक बोलायचा, मग रॉन्स्लीच्या नळीवर ठसा उमटला की नियंत्रक गप्प व्हायचा, आणि विमानाच्या आतला दुसरा आवाज सुरू व्हायचा.

तो दुसरा आवाजच सगळी किमया करत असे. वैमानिकाला नळ्या दिसत नसत. त्याला पुढे फक्त काळोख आणि मापकांच्या मंद काट्यांचा उजेड. मागून कानात येणाऱ्या शब्दांवर त्याने विमान वळवायचे. थोडे डावीकडे, आणखी थोडे, आता सरळ, थोडे वर, वेग कमी. रॉन्स्लीने युद्धानंतर लिहिलेल्या आठवणी मी वाचल्या तेव्हा मला पहिल्यांदा कळले, की या कामातला कठीण भाग दिसणे हा नव्हता, सांगणे हा होता. शत्रू आत्ता कुठे आहे ते सांगून उपयोग नसे; तुम्ही बोलेपर्यंत, वैमानिकाने ऐकून हात हलवेपर्यंत आणि विमान वळेपर्यंत तो तिथे राहिलेला नसे. म्हणून आणखी काही क्षणांनी तो कुठे असेल याचा अदमास बांधून आधीच सांगावे लागे, पण फार आधीही नाही. घाई केली तर विमान शत्रूच्या पुढे निघून जाई आणि शिकारी सावज होई. आणि सांगताना आवाज चढता कामा नये; आवाजातली भीती हातात उतरते.

हे लिहिताना मला सारखा घाट दिसतो आहे.

माझे वडील वाईला शिक्षक होते. निवृत्तीनंतर चार वर्षांनी त्यांना काचबिंदू असल्याचे निदान झाले, आणि तोवर बरेच नुकसान होऊन गेले होते. काचबिंदूत डोळ्याच्या मज्जातंतूला इजा होते. नजर बहुधा कडेकडून झिजत येते आणि मधला भाग शेवटपर्यंत राहतो. गाजराचा त्याच्याशी काही संबंध नाही. गाजराने ए जीवनसत्त्वाची उणीव भरून निघते आणि त्या उणिवेमुळे आलेला रातांधळेपणा बरा होतो, पण मेलेला तंतू काही जिवंत होत नाही. डॉक्टरांनी हे सांगितले होते, मीही आईला सांगितले होते. तरी ती रोज सकाळी किसणी घेऊन बसायची. वडिलांना दूरवरचे दिसे, म्हणजे एका नळीतून पाहावे तसे, हाताच्या पंजाएवढे. नदीपलीकडचे झाड दिसे, देवळाचा कळस दिसे, पाण्यावरचा उजेड दिसे. फक्त पायाशी काय आहे ते दिसत नसे. आणि असे असूनही ते रोज संध्याकाळी गणपती घाटाच्या पायऱ्या उतरून कृष्णेच्या पाण्यापर्यंत जात. काठी नाही, कुणाचा हात नाही. मान ताठ, नजर समोर, धोतराचा सोगा डाव्या हातात. घाटावरची माणसे बघत राहत. "गुरुजींना दिसत नाही, पण पायऱ्या पाठ आहेत बघा," असे लोक म्हणत, आणि ते वाक्य गावात इतके फिरले की ते खरेच होऊन बसले.

आई त्यांच्या उजवीकडे, अर्धा हात मागे चालायची. तिचे ओठ हललेले कुणाला कळायचेही नाहीत. "पायरी. पायरी. ओली आहे. पायरी. आता सपाट आहे." सुटीत गेले की मीही त्यांच्या मागे चालत असे आणि मला ते ऐकू येई. ऐकू येत असूनही त्याचा अर्थ मी कधी लावला नाही. नदीचा आवाज, देवळातली घंटा, कुणीतरी आपटत असलेली धुणी, यांच्यातलाच तो एक आवाज असे माझ्या कानांनी ठरवून टाकले होते.

कनिंगहॅमचे टोपणनाव असेच पडले. १९४० च्या १९ नोव्हेंबरच्या रात्री त्याने पहिले विमान पाडले, एक युंकर्स. तेव्हा मागे दुसराच रडारचालक होता. नवे वर्ष लागल्यावर रॉन्स्ली त्याच्याबरोबर आला आणि मग यश येत गेले. १५ एप्रिल १९४१ च्या एका रात्रीत तीन. लोकांना रोज रात्री तळघरात बसून बॉम्ब ऐकावे लागत होते, त्यांना एक चेहरा हवा होता, आणि वर्तमानपत्रांना तो मिळाला. पण तो हे कसे करतो, ते छापता येत नव्हते. विमानात मावणारे रडार हे गुपित होते. म्हणून मांजराचे डोळे आले. अन्नखात्याकडे तेव्हा गाजरे भरपूर होती आणि बाकी बरेच काही थोडे. काळोखात ठेच लागू नये म्हणून गाजरे खा, असा प्रचार चाललेलाच होता. वैमानिकाची दृष्टी आणि गाजरे यांची सांगड त्यात सहज बसली. जर्मनांना यामुळे फसवता आले असेल, यावर माझा विश्वास नाही. त्यांच्याकडे स्वतःचे रडार होते आणि त्यांचे शास्त्रज्ञ मूर्ख नव्हते. फसलो ते आपण. ऐंशी वर्षांनंतर, हजारो मैलांवर, माझ्या स्वयंपाकघरातही ती गोष्ट जिवंत आहे.

कनिंगहॅमला ते टोपणनाव कधी आवडले नाही. गाजरांनी काम झाले असते तर फार सोपे गेले असते, अशा अर्थाचे तो उतारवयात बोलला होता. प्रत्यक्षात ते लांबलचक, कष्टाचे आणि पुष्कळदा निराश करणारे काम होते. रात्रीमागून रात्री ढगांतून, फक्त मापकांवर विसंबून उडायचे, आणि बहुतेक रात्री हाती काही लागायचे नाही. त्याच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे, की श्रेय लपवणारा माणूस तो नव्हता. १९४३ मध्ये ८५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नेतृत्व त्याच्याकडे आले आणि बोफायटरच्या जागी मॉस्किटो हे चपळ लाकडी विमान आले, तेव्हाही रॉन्स्ली त्याच्याबरोबर होता. मॉस्किटोत दोघे एकाच कोठडीत बसत. रडारचालक वैमानिकाच्या उजवीकडे, किंचित मागे. हे वाक्य पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले होते. हवाई दलानेही रॉन्स्लीचा मान ठेवला. त्याला तीन वेगवेगळी शौर्यपदके मिळाली, त्यांतले एक दोनदा. कनिंगहॅमच्या नावावर युद्धाअखेर वीस विमाने होती, त्यांतली एकोणीस रात्री पाडलेली. ज्यांना नोंद ठेवायची होती त्यांनी दोघांचीही ठेवली. फक्त लोकांच्या तोंडी जी गोष्ट राहिली, तिच्यात एकाच माणसाला जागा होती.

हीच रडारयंत्रे घेऊन बोफायटर विमाने आपल्याकडेही आली होती. १९४२ च्या डिसेंबरात जपानी विमाने रात्री कलकत्त्यावर येऊ लागली, लोक गठडी बांधून शहर सोडू लागले, आणि जानेवारीत ही विमाने डमडमला उतरली. १५ जानेवारी १९४३ च्या रात्री प्रिंग नावाच्या वैमानिकाने काही मिनिटांत तीन बॉम्बर पाडले. त्या शहराने पेटलेली विमाने आकाशातून पडताना पाहिली, आणि त्यानंतर लोकांचा जीव थोडा भांड्यात पडला. त्याच वर्षी डिसेंबरात दिवसाढवळ्या झालेल्या चकमकीत प्रिंग मारला गेला. त्याच्याही विमानात त्या रात्री मागे बसलेला एक माणूस होता, नळ्यांवर वाकलेला.

पण डोळ्यांचे काम अजिबातच नव्हते, असे म्हणणेही खरे होणार नाही, आणि वर्गात मी हा भाग घाईने उरकत असे याचे आता वाईट वाटते. रडारचा ठसा अगदी जवळच्या अंतरात, शेवटच्या काहीशे फुटांत, रेघेच्या बुडाशी विरघळून जात असे. शिवाय पुढचे विमान शत्रूचे की आपले, हे त्या ठशावरून नक्की कळत नसे. त्यामुळे शेवटी वैमानिकाला डोळ्यांनीच पाहावे लागे. वर जाण्याआधी वैमानिक गडद काचांचे चष्मे लावून बसत ते त्यासाठीच. डोळ्यांना अंधाराची सवय राहावी म्हणून. शत्रूच्या मागून आणि थोडे खालून जायचे, म्हणजे त्याची आकृती ताऱ्यांवर उमटते. आधी दिसते ते विमान नव्हे. तारे एकेक करून नाहीसे होतात आणि पुन्हा उगवतात, त्यावरून कळते की मध्ये काहीतरी आहे. मग इंजिनातून निघणारी निस्तेज, तांबूस ज्योत. मग पंखांची कड. त्या क्षणी वैमानिक म्हणतो की मला दिसले, आणि मागचा आवाज थांबतो. एका माणसाने दुसऱ्याच्या डोळ्यांपर्यंत आणून सोडलेले असते आणि तिथून पुढे त्याचे काही चालत नाही. रडारचालकाने मान वर केली तरी हिरव्या उजेडाने दिपलेल्या त्याच्या डोळ्यांना बाहेरचे लगेच काही दिसत नसे. ज्या विमानाचा त्याने वीस मिनिटे माग काढला, ते त्याला पुष्कळदा पेट घेतल्यावरच दिसे.

आणि ते पेट घेणे, हे या हकिकतीतले मला न पेलणारे पान आहे. चार तोफांच्या धक्क्याने बोफायटर हवेतच थबकल्यासारखे होई, जळक्या दारूचा वास आत भरे. सुरुवातीच्या बोफायटरमध्ये तोफांचे गोळे साठ-साठच्या ड्रममध्ये असत आणि ते अवजड ड्रम अंधारात बदलणे हेही मागच्याच माणसाचे काम होते. म्हणजे जो वाट दाखवी, तोच तोफाही भरी. पुढच्या हाइन्केलमध्ये चार-पाच तरुण मुलगे असत, त्यांतल्या बहुतेकांना मागे कुणी आहे याची चाहूलही लागलेली नसे. त्यांनी खाली टाकलेल्या बॉम्बनी माणसे मेलेली असत किंवा मरणार असत, हे खरेच आहे. त्या रात्री त्यांना थांबवणे आवश्यक होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही पाठीमागून, अंधारातून, तीनशे फुटांवरून ते करणे माणसाच्या मनावर काय ठेवून जात असेल? पुढे ८५ स्क्वाड्रनचाच ब्रान्स बरब्रिज हा ब्रिटिशांकडचा सर्वांत यशस्वी रात्रीचा वैमानिक ठरला, एकवीस विमाने त्याच्या नावावर आहेत. युद्धाच्या आरंभी तो धर्मश्रद्धेपायी शस्त्र घ्यायलाच तयार नव्हता. माणसांच्या जागी नेम धरण्याऐवजी आपण पंखांवर धरत असू, असे त्याने सांगून ठेवले आहे. युद्धानंतर तो धर्मोपदेश करू लागला आणि त्याचा रडारचालक बिल स्केल्टन पाद्री झाला. त्या दोघांनी एकत्र पाहिलेल्या रात्रींबद्दल ते एकमेकांशी काय बोलले असतील, ते त्यांनाच ठाऊक. कनिंगहॅमने मात्र पुढचे आयुष्य पुन्हा नव्या विमानांच्या चाचण्यांना दिले. जगातले पहिले प्रवासी जेट विमान, कॉमेट, २७ जुलै १९४९ रोजी पहिल्यांदा आकाशात नेले ते त्यानेच, आपल्या बत्तिसाव्या वाढदिवशी. २००२ साली तो गेला. तो अविवाहित राहिला होता.

वडील गेल्यावर त्यांच्या विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षश्राद्धाला एक छोटी स्मरणिका काढली. तिच्यात मी लेख लिहिला. तो चांगला झाला आहे असे सगळे म्हणाले, आणि मलाही तसे वाटले होते. त्यात घाटाचा परिच्छेद आहे. दृष्टी गेल्यावरही वडील स्मरणाच्या बळावर घाटाची एकेक पायरी कशी उतरत, ज्ञानाचा दिवा आत तेवत असला की बाहेरच्या उजेडाची गरज कशी उरत नाही, असे मी लिहिले होते. आईने तो लेख दोनदा वाचला आणि स्मरणिका देव्हाऱ्याखालच्या फळीवर नीट ठेवून दिली. काही बोलली नाही. त्या दुपारी कोशिंबिरीवरून ती बोलली, त्यानंतर मी ती स्मरणिका काढून वाचली. चार पाने आहेत. आईचा उल्लेख एकदा आहे, अगदी शेवटी, 'त्यांच्या पश्चात पत्नी, कन्या, जावई व नातवंडे' यात.

मी तो लेख हातात घेऊन तिच्यापाशी बसले आणि चुकले म्हणाले. तिला आधी कळेचना मी कशाबद्दल बोलते आहे. मग म्हणाली, "अगं, खोटं कुठं आहे त्यात? चालत तेच होते ना." मी विचारले, तुला कधी वाटले नाही का, की लोकांना हे कळावे? ती थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. "लोकांना कळलं असतं तर ते खाली आले नसते घाटावर. हात धरू दिला असता त्यांनी? काठी घेतली असती?" म्हणजे तेही एक गुपित होते, आणि ते राखणारी तीच होती, हे मला साठीत समजले. मग तिने आपण होऊनच सांगितले, की त्या सगळ्या वर्षांत तिने नदी कधी पाहिली नाही. तिची नजर सदैव त्यांच्या पायांवर आणि पुढच्या पायरीवर. पाणी चढले आहे की उतरले, आभाळ कसे आहे, पलीकडच्या काठावर कोण आहे, हे सारे वडील तिला सांगायचे. त्यांना तेवढेच दिसत होते. खाली पोहोचून, बसल्यावर सांगायचे. "मी आपली हो म्हणायचे. त्यांनी सांगितलेलीच नदी मला माहिती."

या उन्हाळ्यात मी तिला घाटावर घेऊन गेले. तिच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होऊन गेल्या आहेत, पण गुडघे आणि तोल यांचा भरवसा राहिलेला नाही, आणि संध्याकाळच्या उजेडात पायऱ्यांच्या कडा तिला नीट ओळखू येत नाहीत. मी तिचा हात धरायला गेले, तर तिने सोडवून घेतला. म्हणून मी तिच्या उजवीकडे अर्धा हात मागे झाले आणि सांगू लागले. दगड दिवसभराच्या उन्हाने अजून गरम होते, खालून ओल्या शेवाळाचा वास येत होता. पहिल्या तीन पायऱ्यांवर ती तीनदा थांबली. पाऊल उचलून हवेतच धरायची आणि अंगठ्याने चाचपत राहायची. मी आणखी आधी, आणखी स्पष्ट सांगू लागले, तशी ती जास्तच चाचपडू लागली. चौथ्या पायरीवर ती उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "इतकं आधी नाही सांगायचं. आधी सांगितलं की माणूस पायरी शोधत बसतो. पाय उचलला की सांग."

मी तिच्या पायांकडे पाहू लागले. उजवे पाऊल दगडावरून सुटले. "पायरी," मी म्हणाले. पाऊल खाली टेकले. डावे सुटले.

"पायरी."

"हां," आई म्हणाली. "अस्सं. आणि जरा हळू आवाजात."